तेच मासिक, की दुसरे?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ‘जनता’ २४ नोव्हेंबर १९३० रोजी सुरू झाले आणि ४ फेब्रुवारी १९५६ रोजी त्याचे नाव ‘प्रबुद्ध भारत’ झाले. चळवळीतल्या वाचकाला यात काहीच अडचण नव्हती. पत्र आपलेच होते, नाव तेवढे नवे होते. अडचण सुरू होते ती ग्रंथालयाच्या कपाटापाशी. ‘जनता’च्या बांधीव फायली एका जागी, ‘प्रबुद्ध भारत’च्या दुसऱ्या जागी, आणि दोन्हींचे नाते सांगणारी ओळ नोंदीत नाही, असे असेल तर १९५५ आणि १९५७चे अंक एकाच पत्राच्या वाटचालीतले आहेत हे नव्या अभ्यासकाला कळणार कसे? त्यात ‘प्रबुद्ध भारत’ याच नावाचे एक इंग्रजी मासिक १८९६पासून निघते आहे. स्वामी विवेकानंदांच्या प्रेरणेने ते मद्रासला सुरू झाले आणि पुढे हिमालयातल्या मायावतीच्या अद्वैत आश्रमाकडे गेले. शोधखिडकीत नाव टाकले की दोन्ही शेजारी-शेजारी येतात. एका पत्राची दोन नावे आणि एका नावाची दोन पत्रे, नियतकालिकांच्या नोंदीतले हे दोन्ही मूळ पेच या एकाच उदाहरणात सापडतात.

पुस्तक छापून झाले की पुरे होते. नियतकालिकाचे तसे नाही. ते चालू असते तोवर त्याच्याविषयी शेवटचे असे काही लिहिता येत नाही. संपादक बदलतो, मालक बदलतो, साप्ताहिकाचे पाक्षिक होते, पुण्याचे मुंबईला जाते, दोन मासिके एकत्र होतात. कधी वर्ष पहिले, अंक पहिला असे मोजणे नव्याने सुरू होते. जोडअंक निघाला की अंकांची संख्या आणि महिन्यांची संख्या जुळत नाही. इतके सगळे बदलत असताना ‘तेच’ म्हणायचे कशाला, या प्रश्नाशी ग्रंथपाल शंभराहून अधिक वर्षे झगडत आले आहेत. त्या झगड्यातून तयार झालेला विचार मला आपल्या काळातल्या मोलाच्या विचारांपैकी एक वाटतो, आणि मराठीने तो आपल्या जुन्या नियतकालिकांसाठी अजून पुरता वापरलेला नाही याची खंतही वाटते.

सुरुवात संघतालिकांपासून झाली. कोणत्याही एका ग्रंथालयात एखाद्या मासिकाची सगळी वर्षे सहसा नसतात, म्हणून अनेक ग्रंथालयांतल्या साठ्याची एकच यादी करायची, ही ती कल्पना. अमेरिका आणि कॅनडातल्या ग्रंथालयांची अशी थोरली यादी विनिफ्रेड ग्रेगरी यांच्या संपादनाखाली १९२७ साली निघाली. नावापुढे ग्रंथालयाची खूण आणि त्याच्याकडे असलेली वर्षे, असे तिचे रूप होते. आपल्याकडे शंकर गणेश दाते यांनी मराठी ग्रंथसूची केली, आणि १८०० ते १९५० या काळातल्या मराठी नियतकालिकांच्या सूचीवरही त्यांचे नाव आहे. ज्या काळात छायाप्रत काढणेही सोपे नव्हते, त्या काळात एकेका फाईलचा माग काढत केलेले हे काम आहे. मराठी नियतकालिकांवर पुढे झालेले लेखन त्यावर उभे आहे.

छापील यादीला मात्र दोन मर्यादा होत्या. छापून हातात येईपर्यंत ती जुनी झालेली असे. आणि तिची खुंटी एकच असे: नाव. नाव बदलले की खुंटी हलली. मग नोंद कुठे टांगायची? कोणी म्हणे, पहिल्या नावाखाली. अमेरिकेत १९४९चे नियम सांगत, ताज्या नावाखाली. जुनी नावे टिपेत द्यावीत. एका ग्रंथालयापुरते हे ठीक होते. नाव बदलले की जुने कार्ड काढायचे, नवे लिहायचे. पण यादी सामायिक झाली की प्रत्येक नामांतराला सर्वांच्या नोंदी उलथ्यापालथ्या होणार. आणि ज्याच्याकडे फक्त जुन्या नावाची दहा वर्षे आहेत, त्याने आपल्या कपाटात कधीच नसलेले नाव तालिकेत का लिहावे? १९६७च्या अँग्लो-अमेरिकन नियमांनी वेगळी वाट घेतली. प्रत्येक नावाला स्वतंत्र नोंद द्यायची, आणि तिच्यात आधीचे नाव व नंतरचे नाव यांच्याकडे जाणारे दुवे ठेवायचे. लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९७१पासून ही पद्धत धरली.

तोवर नियतकालिकाला एकसंध वस्तू मानून तिची एक नोंद केली जात असे. आता नोंदी अनेक झाल्या आणि ओळख त्यांच्यामधल्या नात्यात गेली. ‘जनता’ची एक नोंद, ‘प्रबुद्ध भारत’ची दुसरी, आणि मधला दुवा हाच त्या पत्राचा इतिहास. दुवा राहिला तर इतिहासही राहिला.

याच सुमाराला क्रमांकाची कल्पना पक्की होत होती. नियतकालिकांचा आंतरराष्ट्रीय प्रमाण क्रमांक, म्हणजे आयएसएसएन, याचे मानक १९७५ साली प्रसिद्ध झाले आणि त्याचे मध्यवर्ती केंद्र पॅरिसला आले. आठ अंक, मध्ये एक आडवी रेघ. मुंबईहून निघणाऱ्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’च्या छापील आवृत्तीचा क्रमांक आहे ००१२-९९७६. यातला शेवटचा ६ हा तपासणी अंक आहे. आधीच्या सात अंकांना डावीकडून अनुक्रमे ८, ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणायचे आणि बेरीज करायची. इथे ती ९३ येते. ९३ला ११ने भागले की बाकी ५, आणि ११मधून ५ गेले की ६. आता कोणी घाईत ००१२-९७९६ असे लिहिले, तर बेरीज ९१ होते, तपासणी अंक ८ यायला हवा होता, आणि संगणक ती चूक तिथेच पकडतो. वजाबाकीचे उत्तर १० आले, तर शेवटी रोमन एक्स येतो.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे या अंकांना स्वतःचा काही अर्थ नाही. भारतात वृत्तपत्रांच्या सरकारी नोंदणीच्या क्रमांकात राज्याची आणि भाषेची अक्षरे येतात. आयएसएसएनमध्ये देश, भाषा, विषय यांतले काहीच वाचता येत नाही. हे मला फार शहाणपणाचे वाटते. अर्थ नसलेल्या क्रमांकाला खोटे ठरण्याचे भय नसते. साप्ताहिक नागपूरहून पुण्याला गेले, मराठीचे द्वैभाषिक झाले, तरी क्रमांकाला धक्का लागत नाही. अर्थ सगळा नोंदीत राहतो, आणि नोंद दुरुस्त करता येते.

पण क्रमांक दिला म्हणजे नोंद सुधारली असे होत नाही. हे उत्तर अमेरिकेतल्या ग्रंथपालांनी लवकर ओळखले. १९७३मध्ये नियतकालिकांच्या नोंदींवर काम करणारी काही मंडळी अनौपचारिकपणे एकत्र आली. रिचर्ड अनेबल त्यांत पुढे होते, आणि या मंडळींना पुढे टोरोंटो गट म्हणू लागले. प्रत्येक मोठे ग्रंथालय त्याच मासिकाची नोंद स्वतंत्रपणे संगणकात भरत होते, थोड्या थोड्या फरकाने आणि आपापल्या चुकांसह. त्याऐवजी एकच सामायिक नोंद ठेवावी, ज्याच्याकडे अंक आहेत त्या ग्रंथालयाने ती सुधारावी, आणि सुधारलेली नोंद सर्वांनी घ्यावी, यातून कॉन्सर हा प्रकल्प उभा राहिला. ओहायोतल्या ओसीएलसी या ग्रंथालयांच्या सहकारी संस्थेच्या संगणकावर त्याची नोंदसंख्या वाढली. सुरुवातीला नावात ‘रूपांतर’ होते, म्हणजे कार्डांवरची माहिती संगणकात आणणे. १९८६मध्ये त्या जागी ‘सहकार’ आला. दहा-बारा वर्षांत कामाचे स्वरूपच बदलले होते. जुने भरून संपले होते असे नाही, पण खरे काम भरण्याचे नसून एकमेकांच्या नोंदी सतत नीट ठेवण्याचे आहे हे सर्वांना पटले होते.

सहकारात भांडणे येतातच. क्रमांक देणाऱ्या केंद्रांचे नियम एक, तालिकाकारांचे दुसरे, आणि आंतरराष्ट्रीय वर्णनाचे तिसरे. एकाच्या मते नाव बदलले, दुसऱ्याच्या मते नाही. मग एका नोंदीत दोन क्रमांक किंवा दोन नोंदींत एक क्रमांक. २०००मध्ये वॉशिंग्टनला तिन्ही बाजूंची माणसे बसली आणि पुढच्या दोन वर्षांत नियम जुळवले गेले. नावाच्या पहिल्या पाच शब्दांत फरक पडला तर तो साधारणपणे मोठा बदल, त्यानंतरचा किरकोळ. मात्र ‘मासिक’, ‘पत्रिका’, ‘वार्तापत्र’ यांसारखा फक्त प्रकार सांगणारा शब्द आला किंवा गेला, तर तो किरकोळच.

आता हा नियम ‘किर्लोस्कर खबर’ला लावून पाहा. किर्लोस्करवाडीहून १९२० साली कारखान्याचे मुखपत्र म्हणून ते सुरू झाले. १९२९मध्ये ‘खबर’ गळाले आणि उरले ‘किर्लोस्कर’. ‘खबर’ हा शब्द वार्तापत्रासारखा प्रकार सांगणारा धरला, तर बदल किरकोळ, एकच नोंद, एकच क्रमांक. तो नावाचा अविभाज्य भाग धरला, तर मोठा बदल, दोन नोंदी, मधे दुवा. माझे मत दुसऱ्या बाजूला झुकते. ‘खबर’ जाताना कारखान्याचे पत्रही मागे पडले आणि घरोघरी वाचले जाणारे मासिक पुढे आले. पण दोन जाणत्या तालिकाकारांनी यावर दोन उत्तरे दिली तर नवल नाही. म्हणून निर्णय एकदा, एका ठिकाणी, कारणासह व्हावा आणि सर्वांनी तो पाळावा. दहा ग्रंथालयांनी दहा उत्तरे दिली की दहाही तालिकांतल्या शोधाचा गोंधळ होतो.

इंटरनेट आल्यावर प्रश्न पुन्हा उलटा झाला. माध्यम बदलले की क्रमांक वेगळा, हा नियम. त्यामुळे ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’च्या ऑनलाइन आवृत्तीचा क्रमांक २३४९-८८४६. पण वाचकाला लेख हवा असतो, कागद की पडदा हे त्याला दुय्यम. एका क्रमांकाने शोधणाऱ्याला दुसऱ्या क्रमांकाखाली ठेवलेला लेख सापडेना. २००७च्या सुधारित मानकात जोडक्रमांकाची सोय झाली: एकाच नियतकालिकाच्या सगळ्या माध्यमांना बांधणारा एक क्रमांक, त्यांच्यातलाच एक निवडून.

त्याहून खोल जखम प्रकाशकांनी केली. जुने अंक स्कॅन करून संकेतस्थळावर चढवताना अनेकांनी सगळी वर्षे आजच्या नावाखाली ठेवली. सचिन चौधुरी यांनी १९४९मध्ये मुंबईत सुरू केलेला ‘इकॉनॉमिक वीकली’ आणि १९६६पासूनचा ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ यांच्यात रेघ पुसली गेली, तर १९५०च्या दशकातला लेख चुकीच्या नावाने उद्धृत होत राहील, आणि जुन्या पुस्तकाची तळटीप धरून शोधणाऱ्याला तो मिळणारच नाही. ऑनलाइन नियतकालिकांत जुनी नावे आणि त्यांचे क्रमांक त्या त्या काळच्या अंकांपाशीच ठेवावेत, अशी शिफारस अमेरिकेतल्या निसो या मानक संस्थेने २०१३मध्ये काढली. ग्रंथपालांनी कार्डांच्या काळात शिकलेली गोष्ट प्रकाशकांना संकेतस्थळाच्या काळात पुन्हा शिकावी लागली.

आपल्याकडे या क्रमांकाला वेगळेच दुखणे जडले आहे. तो देणारे भारताचे राष्ट्रीय केंद्र दिल्लीला आहे. गेल्या दोन दशकांत, पदोन्नतीसाठी शोधनिबंधांची मोजणी सुरू झाल्यापासून, आयएसएसएन म्हणजे दर्जाचा शिक्का असा समज महाविद्यालयांत पसरला. मुखपृष्ठावर क्रमांक ठळक, आत काय छापले ते कोणी वाचायचे नाही. पुण्याच्या भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाच्या तेव्हाच्या मान्यताप्राप्त यादीतली, विद्यापीठांनी सुचवलेली हजारावर नियतकालिके तपासली, तेव्हा त्यांतली ८८ टक्के निकषांवर टिकली नाहीत. क्रमांक ओळख पटवतो, शहाणपणाची हमी देत नाही. या गैरसमजाचा राग मला येतो तो आणखी एका कारणाने. ज्यांना या ओळखीची खरी गरज आहे, ती बंद पडलेली मराठी नियतकालिके या गोंगाटात मागेच राहिली.

बंद पडलेल्या नियतकालिकालाही आयएसएसएन देता येतो. ‘दर्पण’ १८३२चे, ‘विविधज्ञानविस्तार’ १८६७चे; ‘ज्ञानोदय’ १८४२चे, ते मात्र बंद पडलेले नाही. यांच्या फायली किंवा त्यांचे तुकडे मुंबई, ठाणे, पुणे, नगर, नागपूर, बडोदा आणि लंडन इथे विखुरलेले आहेत, आणि स्कॅन इंटरनेटवर आणखी विखुरलेली. ‘ज्ञानोदय’चा ‘ज्ञ’ रोमन लिपीत निदान तीन प्रकारांनी लिहिला जातो, त्यामुळे एका प्रकाराने शोधणाऱ्याला बाकीच्या दोन प्रकारांच्या नोंदी दिसत नाहीत. सामायिक नोंद झाली तर हे तिन्ही पर्याय एकाच ठिकाणी बसतील.

दात्यांच्या सूचीतले प्रत्येक नाव घ्यावे, नामांतराचे दुवे जोडावेत, क्रमांक मागवावा आणि त्या नोंदीला प्रत्येक ग्रंथालयाने आपल्याकडचे अंक जोडावेत. यात यंत्राचे काम थोडे आहे. अवघड आहे ते माणसांनी एकमेकांची नोंद मान्य करणे. आपल्या कपाटातला अंक ही आपली मालमत्ता, अशी वृत्ती काही संस्थांत आहे आणि ती समजण्यासारखीही आहे. त्या अंकांसाठी त्यांनी वाळवीशी झुंज दिलेली असते. पण अंक त्यांच्याकडेच राहील, बाहेर जाईल ती फक्त नोंद.

दिवाळी अंकांचे काय करायचे, हेही तेव्हाच ठरवावे लागेल. का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’ने १९०९मध्ये ही प्रथा घातली, तेव्हा दिवाळी अंक मासिकाचाच एक अंक होता. आता साप्ताहिक ‘मौज’ बंद होऊन वर्षे झाली तरी ‘मौज’चा दिवाळी अंक निघतो. ती साप्ताहिकाची चालू राहिलेली शाखा आहे की स्वतंत्र वार्षिक? मी तिला स्वतंत्र नोंद देईन, आणि ‘आधीचे नाव’ या जागी साप्ताहिकाचा दुवा ठेवीन. केवळ दिवाळीपुरतेच निघणाऱ्या अंकांच्या नोंदी त्यानंतर. त्यांच्या याद्या दरवर्षी वाचनालये आपापल्या वर्गणीदारांसाठी करतातच. त्या जुन्या याद्या फेकून न देता आतापासून जपून ठेवाव्यात, एवढे तर प्रत्येक वाचनालयाला आजही करता येईल.