भिंतीवर नाव, गल्ल्यावर दुसराच

‘मॅडम, सर्टिफिकेट कधी देणार?’ फार्मसीच्या मुलांना घेऊन विभागीय परिषदेला गेलं की नोंदणीच्या टेबलापासूनच हा प्रश्न सुरू होतो. मुलांना मी दोष देत नाही. शुल्क त्यांनी पदरमोड करून भरलेलं असतं आणि उद्या मुलाखतीत फाइल उघडायची तर कागद लागतोच. पण जेवणानंतर अर्धं रिकामं झालेलं सभागृह प्रमाणपत्रं वाटायच्या वेळी पुन्हा गच्च भरतं, तेव्हा जीव कासावीस होतो. आपण नसलो तरी चालतं, आपल्या नावाचा कागद असला म्हणजे झालं, हा धडा नकळत तिथेच गिरवला जातो. आणि आमच्या व्यवसायाला लागलेली कीड नेमकी हीच आहे.

1948 च्या फार्मसी कायद्याचं कलम 42 सांगतं की डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं. औषध नियमावलीतला नियम 65 त्याची प्रत्यक्ष देखरेख मागतो. तरीही अमक्याचं सर्टिफिकेट तमक्या मेडिकलला लावलंय, हे गावोगाव चारचौघांत उघडपणे बोललं जातं. चौकटीत ज्याचं नाव, तो दुसऱ्या शहरात कंपनीत नोकरीला असतो. त्याला महिन्याच्या महिन्याला ठरलेली रक्कम पोहोचते. गल्ल्यावर बसलेला मुलगा कदाचित बारावीही झालेला नसतो.

गेल्या हंगामात आमच्या तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीचं पोस्टर मेथोट्रेक्सेटवर होतं. संधिवातासाठी हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. इतर गोळ्यांच्या सवयीने कुणी ते रोज घेऊ लागलं तर तोंड सोलवटतं, रक्तपेशी घटतात, माणूस दगावू शकतो. तिने गोळ्यांच्या पाकिटाचा मोठा फोटो लावला होता आणि त्यावर ठळक मार्करने लिहिलं होतं : ‘फक्त सोमवारी’. परीक्षक आले, नमुना किती घेतला ते विचारून पुढे गेले. मग तालुक्याच्या गावी वर्षानुवर्षं मेडिकल चालवणारे एक काका थांबले. त्यांनी सगळं पोस्टर वाचलं. म्हणाले, ‘बाळ, याच्यासोबत फॉलिक ॲसिडही लिहिलेलं असतं. पुष्कळदा दोन्ही गोळ्या पिवळ्या, दोन्ही बारीक. म्हाताऱ्या माणसांची गफलत होते. दोन्ही वेगवेगळ्या पाकिटांत द्यायच्या, आणि वार आपण सांगून सोडायचा नाही, त्यांच्याच तोंडून वदवून घ्यायचा.’ तिने लगेच वही काढली. मला विचाराल तर परिषदेचं खरं मोल त्या पाच मिनिटांत होतं. गल्ल्यावर उभं राहिल्याशिवाय हे सुचत नाही, आणि ज्याचं फक्त नाव टांगलेलं आहे तो हे कुणालाच सांगू शकत नाही.

परतीच्या बसमध्ये ती माझ्याशेजारी बसली होती. बोलता बोलता म्हणाली, ‘मॅडम, गावातल्या एका दुकानदाराने बाबांना आत्तापासूनच विचारून ठेवलंय. नोंदणी झाली की सर्टिफिकेट आम्हाला द्या, पोरीला दुकानात यायचीही गरज नाही.’ वडिलांची कोरडवाहू शेती आहे, फीसाठी कर्ज काढलेलं आहे. त्यांनी अजून होकार दिलेला नाही, पण नकारही दिलेला नाही. त्यांना लबाड म्हणायला माझी जीभ रेटत नाही. फार्मासिस्टला मेडिकलमध्ये बारा-बारा तास उभं करून जो पगार हातावर ठेवला जातो, त्यात कर्जाचे हप्ते सुटणं कठीण. घरबसल्या पैसे मिळतात म्हटल्यावर बापाचं मन डळमळणारच. मुलांना नीतीचे पाठ देताना हा हिशेब आपण लपवतो, हा आपला अप्रामाणिकपणा आहे.

पण सर्टिफिकेट दिलं की आपली सही नंतर कुठे कुठे लागते, तेही तिला आधीच कळायला हवं. 1 मार्च 2014 पासून शेड्यूल एच-1 लागू झालं. क्षयरोगाची औषधं, वरच्या टप्प्यातली अँटिबायोटिक्स दिली की डॉक्टर, रुग्ण, औषध आणि नग यांची वेगळ्या वहीत नोंद करायची आणि ती वही तीन वर्षं जपायची. जंतू औषधांना दाद देईनासे होऊ नयेत म्हणून हा खटाटोप. जो दुकानात नव्हताच त्याच्या भरवशावर ती वही चालत असेल, तर तिच्यातल्या कुठल्या ओळीवर विश्वास ठेवायचा?

1986 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या ग्लिसरॉलमुळे 14 रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने खरेदीपासून तपासणीपर्यंतच्या बेपर्वाईवर आणि भ्रष्टाचारावर कठोर ताशेरे ओढले. साखळीत ठिकठिकाणी डोळे उघडे ठेवायला माणसं नेमलेली होती. 2025 मध्ये छिंदवाड्याची लेकरं खोकल्याच्या औषधातून त्याच विषाला बळी पडली. त्यांतल्या कित्येकांना उपचारांसाठी आपल्या नागपूरला आणलं होतं. कारखान्यातला दोष मेडिकलच्या काउंटरवर दिसत नाही, हे खरं. पण कारखान्यात आणि प्रयोगशाळेतही सही करणारे पुष्कळदा आमचेच विद्यार्थी असतात. न पाहता सही करायची सवय दुकानापुरती राहत नाही.

परिषदांमध्ये नॅनो कणांवर बोलणं होतं, कृत्रिम बुद्धिमत्तेवर होतं, ते व्हायलाच हवं. भाड्याच्या सर्टिफिकेटवर मात्र मी गेलेल्या परिषदांत कुणी अवाक्षर काढलेलं ऐकलं नाही. म्हणून यंदाच्या संयोजकांना मी पत्र लिहिलं आहे. एक तास द्या, आणि तो जेवणाआधीचा द्या. व्यासपीठावर त्या मेडिकलवाल्या काकांना बसवा, औषध प्रशासनातल्या एखाद्या निरीक्षकाला बोलवा, आणि मुलांना मोकळेपणाने विचारू द्या : पगार किती मिळतो, कर्ज कसं फिटतं, मालकाने कोऱ्या वहीवर सही मागितली तर नोकरी न गमावता नाही कसं म्हणायचं. त्या मुलीला मी विचारलं आहे. पहिला प्रश्न ती विचारणार आहे, आणि वडिलांनाही सोबत आणू का, असं तिनेच विचारलं आहे.