चार हजार दोनशेची सूट

अक्षयच्या मोबाइलचे पाच हप्ते थकले होते, एकूण साडेआठ हजार. कुपवाड एमआयडीसीतल्या फाउंड्रीनं त्याला तेव्हा कामावरून ब्रेक दिला होता. वसुलीवाल्याचे फोन यायचे. आधी धमक्या, मग एके दिवशी अचानक गोड आवाज: "एकरकमी चार हजार तीनशे भरा, विषय संपवू." अक्षयनं उसनवारी करून भरले आणि चार हजार दोनशे वाचवले म्हणून मित्रांना मिसळ चारली. नंतर फायनान्स कंपनीचं पत्र आलं. त्यात 'सेटल्ड' असा शब्द होता. असली पत्रं कोण वाचतं म्हणा!

दोन वर्षांनी तो फाउंड्रीत कायम झाला. तासगावच्या बाजूनं रोज एसटी, मग वडाप, पहिल्या पाळीला उशीर झाला की अर्धा दिवस कापलेला. दसऱ्याला गाडी घ्यायचीच, असं ठरलं. ऑन-रोड एक लाख, हातात पंचवीस हजार. शोरूममधल्या फायनान्सच्या पोरानं आधार, पॅन घेतलं, ओटीपी विचारला आणि स्क्रीन वळवून दाखवली: 641.

"सिबिल स्कोअर कमी हाय, दादा. 300 ते 900 असतो. साडेसातशेच्या वर असला की लगेच होतं."

अक्षय शेजारच्या टेबलावर गेला. तिथं नकार. रात्री मोबाइलवर आणखी तीन ठिकाणी अर्ज टाकले. कर्ज मागितलं की कर्ज देणारी कंपनी सिबिलचा अहवाल तपासते आणि त्या तपासणीचीही नोंद होते. आठवड्यात पाच नोंदी पडल्या की पुढच्याला वाटतं, या माणसाला पैशाची फार निकड आहे. आकडा आणखी घसरला. खंडेनवमीला एक जण तयार झाला: चाळीस हजार डाउन पेमेंट, उरलेल्या साठ हजारांवर 14 टक्के फ्लॅट, तीन वर्षं.

आई शिलाईकाम करायची आणि बचत गटाची वही सांभाळायची. तिनं मशिन थांबवलं, पेन्सिल घेतली. साठ हजारांवर वर्षाला आठ हजार चारशे, तीन वर्षांचे पंचवीस हजार दोनशे.

"आरं, निम्मं मुद्दल फिटल्यावरबी व्याज साठ हजारांवरच लावणार व्हय? आमच्या गटात महिन्याला दोन टक्के, पण उरलेल्या पैशावर. हे बी तेवढंच पडतंय की! नाव फक्त चौदा."

तिचा हिशेब चुकला नव्हता. हप्ता निघत होता 2,367 रुपये, गटाच्या दरानं निघाला असता 2,354.

शोरूमच्या पोरानं तोडगा काढला: "मावशींच्या नावावर करू." आईनं गटातून आणि बँकेतून घेतलेली कर्जं वेळच्या वेळी फेडली होती. तिचा स्कोअर 774 निघाला. अक्षय हरखला. आई मात्र उठून उभी राहिली.

"माझ्यामागं अकरा बायका हायत. माझा हप्ता चुकला तर त्यांचं बी पुढचं कर्ज अडतं. तू आधी ते चार हजार दोनशे भरून ये."

"कंपनीच म्हणाली की विषय संपला!"

"तवा तिला तुझी गरज होती. आता तुला तिची हाय."

दसरा गाडीविनाच गेला. अक्षय सांगलीला त्या कंपनीच्या ऑफिसात गेला, तर तिथली मुलगी गोंधळलीच. सेटलमेंट झाल्यावर उरलेले पैसे भरायला कुणी येत नसावं. तडजोड करून मिटवलेलं कर्ज अहवालात पूर्ण फेडलेलं दिसत नाही, हे मात्र तिनंच नीट समजावलं. पैसे भरून, दोन हेलपाटे घालून त्यानं थकबाकी नसल्याचं पत्र मिळवलं. तरी अहवाल तसाच. मग त्यानं तक्रार नोंदवली. अशी तक्रार तीस दिवसांत निकाली निघाली नाही तर दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यावी लागते, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. महिना भरायच्या आत 'सेटल्ड'च्या जागी 'क्लोज्ड' आलं. वर्षाला एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो, हेही त्याला तेव्हाच कळलं. बहुतेकांना ते नकार आल्यावरच कळतं.

आकडा काही उडी मारून वर गेला नाही. थकलेल्या हप्त्यांच्या जुन्या नोंदी तशाच होत्या. अक्षयनं कुठं अर्ज टाकला नाही आणि गाडीचा हप्ता समजून महिन्याला अडीच हजार वेगळे टाकत राहिला.

गुढीपाडव्याच्या आधी स्कोअर 718 झाला होता. एका बँकेनं उरत्या मुद्दलावर साडेबारा टक्क्यांनी कर्ज मंजूर केलं, तेही त्याच्या एकट्याच्या नावावर. बँकेच्या माणसानं फॉर्मवर भराभर फुल्या मारल्या आणि सही करायची जागा दाखवली.

अक्षय पहिल्या पानापासून वाचायला लागला. मागं रांग होती, कुणीतरी चुकचुकलं. तिसऱ्या पानावर त्याचं बोट थांबलं.

"हप्ता 5 तारखेला टाकलाय. आमचा पगार 7 ला होतो. 10 करा."

"सगळ्यांचा 5 लाच असतो."

"मग दर महिन्याला बाउन्स होईल. 10 करा, मग सही करतो."

त्या माणसानं कपाळाला आठ्या घातल्या आणि कोरा फॉर्म काढला.