कोटाच्या आंतील पहारेकरी

गांवची राखण करणारा मनुष्य रात्रभर जागतो, आणि त्याच्या जागण्यामुळें इतरांस झोंप लागते. तो विश्वासू असावा हें सर्वांस मान्य आहे. परंतु विश्वासूपणा एवढाच गुण त्याला पुरे आहे काय? जें राखावयास सांगितलें तें राखावें, तें काय आहे व कोणाचें आहे हें विचारूं नये, हाच पहारेकऱ्याचा धर्म काय? ह्या प्रश्नाचा विचार करण्यासाठीं आम्ही वाचकांस लंडन शहरांतील एका जुन्या किल्ल्यांत नेतों.

थेम्स नदीच्या कांठीं 'टॉवर' नांवाचा हा किल्ला आहे. अकराव्या शतकांत विल्यम राजानें इंग्लंड जिंकल्यावर मधल्या बुरुजाचें काम सुरू झालें, आणि तेराव्या शतकांत त्याच्या भोंवतीं एकाबाहेर एक असे दोन तट उभे राहिले. ह्या तटांच्या आंत आजही एक लहानसें गांव नांदत आहे. त्यांतील मुख्य रहिवासी म्हणजे 'यूमन वॉर्डर' नांवाचे सुमारें पस्तीस पहारेकरी व त्यांचीं कुटुंबें. निदान २२ वर्षें लष्करी चाकरी करून सद्वर्तनाचें पदक मिळविलेल्या लोकांतूनच त्यांची निवड होते. २००७ सालीं त्यांत प्रथमच एक स्त्री आली. कित्येकांचीं घरें बाहेरच्या तटाच्या भिंतींतच आहेत. उपासनेसाठीं मंदिरही आंतच आहे. चाकरी संपली म्हणजे मात्र प्रत्येकास कोट सोडून जावें लागतें.

दररोज रात्रीं दहाच्या सुमारास मुख्य पहारेकरी हातांत कंदील घेऊन निघतो आणि सैनिकांच्या सोबतीनें बाहेरचे दरवाजे बंद करितो. परत येतांना आंतला शिपाई त्याला अडवून, कोण येतें, असें विचारतो. किल्ल्या येत आहेत, असें उत्तर मिळतें. कोणाच्या किल्ल्या, असें त्यानें पुनः विचारल्यावर राजाचें नांव सांगितलें म्हणजेच वाट मिळते. शेवटीं देवानें राजाचें रक्षण करावें अशी प्रार्थना होऊन सर्व जण 'आमेन' म्हणतात. हा नेम शेंकडों वर्षें चालला आहे. दुसऱ्या महायुद्धांत एके रात्रीं जवळच बाँब पडून हे लोक खालीं कोसळले. तरी ते उठले, त्यांनीं अंगावरची धूळ झाडली व काम पुरें केलें. आणि उशीर झाल्याबद्दल राजाकडे क्षमा मागण्यांत आली. अशी निष्ठा पाहून कोणाला आदर वाटणार नाहीं?

परंतु ह्याच तटांच्या आंत, अशाच निष्ठेनें, दुसऱ्यांच्या महत्त्वाकांक्षेस बळी पडलेली लेडी जेन ग्रे कोंडली गेली. १५५४ सालीं तिचा तेथेंच शिरच्छेद झाला. तिला वीस वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं. आपल्या देशांतून गेलेला कोहिनूर हिराही आज तेथें आहे. १८४९ सालीं पंजाब खालसा झाला तेव्हां दहा वर्षांच्या दलीपसिंग महाराजाकडून तो तहान्वयें घेण्यांत आला. पहारेकरी तो काळजीनें राखतात, ह्यांत त्यांचा दोष नाहीं. पण पहारा चोख असल्यानें राखलेली वस्तु न्यायाची ठरत नाहीं.

येथें कोणी म्हणेल, "प्रत्येक पहारेकरी आपल्या मनाप्रमाणें चालूं लागला, तर दरवाजा उघडा पडेल." हें म्हणणें खोटें नाहीं. म्हणून आम्ही ह्याच किल्ल्यांतील एका अंमलदाराची गोष्ट सांगतों. १५४६ सालीं ॲन आस्क्यू नांवाच्या प्रॉटेस्टंट स्त्रीला तिच्या मताकरितां येथें आणिलें, आणि तिच्या सोबत्यांचीं नांवें काढून घेण्यासाठीं हातपाय ताणण्याच्या यंत्रावर घातलें. तिला अधिक ताणण्याची आज्ञा झाली तेव्हां त्या अंमलदारानें नकार दिला, असें जॉन फॉक्स ह्यांनीं आपल्या हुतात्म्यांच्या इतिहासांत लिहिलें आहे. मग राजाच्या दोघां थोर अधिकाऱ्यांनीं स्वतःच्या हातांनीं तें यंत्र फिरविलें. अंमलदार किल्ल्या टाकून पळाला नाहीं. तो सरळ राजाकडे गेला, घडलेलें सर्व सांगितलें व त्यानें क्षमा मिळविली. ॲनचा प्राण मात्र वांचला नाहीं. तिला चालतां येत नव्हतें, म्हणून खुर्चीवर बसवून नेलें व त्याच वर्षीं जाळलें.

तर मग तो नकार व्यर्थ गेला काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. त्यानें चाकरी सोडली नाहीं, पण आपला हात कोठें थांबतो हें दाखविलें. दरवाजा राखणें हें त्याचें काम होतें. देह मोडणें हें नव्हे. आज्ञाधारकपणा व विवेक हे एका मनुष्यांत कसे राहूं शकतात, हें त्यावरून कळतें.

आपल्या गांवांतही दगडाच्या नसलेल्या पुष्कळ भिंती होत्या, व कित्येक अजून पडल्या नाहींत. कोणत्या विहिरीवर कोणीं पाणी भरावें, ह्याचा पहारा करणारीं वृद्ध माणसें सगळींच दुष्ट होतीं असें नाहीं. वडिलांनीं हातीं दिलेली किल्ली तीं निष्ठेनें राखीत होतीं. ती किल्ली कोणाची, हें मात्र कोणीं विचारलें नाहीं. आमच्या मंडळ्यांतही वडील, पंच व शिक्षक ह्यांच्या हातीं किल्ल्या आहेत: कोणास आंत घ्यावें, कोणास बाहेर ठेवावें, कोणाचें म्हणणें ऐकावें. त्या त्यांनीं टाकूं नयेत. परंतु रोज रात्रीं, दिवा मालविण्यापूर्वीं, त्या शिपायाचा प्रश्न आपणच आपणांस करावा: ह्या किल्ल्या कोणाच्या? आणि उत्तर देतां येईना, तर सकाळीं दरवाजा पुनः पाहावा.