संयम कोणाचा?

सातपुड्याच्या कुशीतील अक्कलकुवा (जि. नंदुरबार) येथे १९७९ साली मौलाना गुलाम मोहम्मद वस्तानवी यांनी जामिया इस्लामिया इशाअतुल उलूम ही संस्था स्थापन केली. तेथे अनेक राज्यांतील विद्यार्थी राहून शिकतात. घरापासून दूर वाढणाऱ्या मुलाच्या हाती पैसा किती व कसा द्यावा, हा प्रश्न अशा प्रत्येक निवासी मदरशापुढे असतो, तसाच आपल्या इंदूरच्या वसतिगृहांपुढेही.

पूर्वी मनिऑर्डर येई आणि नोटा मोजून महिना काढावा लागे. २०१६ साली यूपीआय आले आणि २०२४ साली 'यूपीआय सर्कल'ची सोय झाली. तीत वडील स्वतःच्या खात्यातून मुलाला महिन्याला १५,००० रुपयांपर्यंतची मर्यादा आखून देऊ शकतात, किंवा त्याचा प्रत्येक खर्च स्वतः मंजूर करू शकतात. इंडोनेशियातील काही निवासी मदरशांत विद्यार्थ्याच्या कार्डावर रोजच्या खर्चाची मर्यादा घातलेली असते. चोरीचे भय कमी होते, हिशेब चोख राहतो. हे लाभ लहान नव्हेत.

परंतु मर्यादा संपली म्हणून खर्च थांबला, तर त्याला मुलाचा संयम कसा म्हणावा? इस्लामी नीतिविचारात कृतीचे मोल तिच्यामागची 'नियत', म्हणजे हेतू, पाहून ठरते. उधळपट्टी व कंजूषपणा दोन्ही त्याज्य मानून कुराण मधला मार्ग सांगते. तो निवडायचा, तर निवडण्याची मोकळीक हवी. आपल्याकडे वार लावून जेवून शिकलेल्यांची काटकसरही सक्तीचीच होती. तिची खरी परीक्षा पुढे पगार हाती आल्यावर झाली.

दानाची गोष्ट याहून नाजूक. गुप्तदान श्रेष्ठ, हे कुराण सांगते आणि आपल्या घरांतही तेच शिकवले गेले. समजा, शेजारच्या खाटेवरील मुलाच्या औषधासाठी एखाद्याला पन्नास रुपये द्यायचे आहेत. वडिलांची मंजुरी लागत असेल, तर त्या सदिच्छेचा आधी अर्ज होतो. ईश्वर तरी पाहतोच की, असे कोणी म्हणेल. खरे आहे; पण तो पाहतो तेव्हा हात धरत नाही.

म्हणून साधन टाकू नये. त्यात एक कोपरा मोकळा ठेवावा. वय वाढेल तशी मंजुरीची अट सुटावी आणि दरमहा थोडी रक्कम, रोख का होईना, हिशेब न मागता द्यावी. तीतले काही रुपये वाया जातील. मुलाला स्वतःची पारख व्हायची, तर तेवढी किंमत पालकांनी मोजायला हवी.