दोन टक्के

पांडुरंगा, आजवर तुझ्याकडे एकच मागत आले, माझ्या बाळूचा उजवा हात सुधारू दे. एकोणीस वर्षं तेच मागितलं. आज उलटं मागायला बसलेय आणि तोंडातून शब्द निघत नाही. उद्या मोठ्या दवाखान्यात त्याचं पुन्हा मोजणार आहेत. त्यात दोन टक्के वाढू देत.

हात आणखी बिघडू दे असं नव्हे रे. बिघडलाय तेवढा कागदावर येऊ दे.

तुला सगळं ठाऊक असतं म्हणतात. तरी सांगते, कारण वकीलबाई म्हणतात, सांगितल्याशिवाय समोरच्याला कळलं असं धरून चालायचं नाही. बाळू जन्मला तेव्हा उशिरा रडला. सेरेब्रल पाल्सी. २०१६ च्या दिव्यांगांच्या कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यातला हा एक. गेल्या वर्षी अपंगत्वाच्या दाखल्यासाठी डॉक्टरांच्या बोर्डापुढे नेलं. पहाटेच्या एसटीने गेलो, नंबर लागला दुपारी अडीचला. डॉक्टरांनी पाय मोजला, चालायला लावलं. हाताकडे वळले, तर या पोराने काय करावं? शर्टाचं वरचं बटण काढलं आणि एका झटक्यात लावून दाखवलं! अकरा वर्षं शिकवत होते मी ते बटण. घरी त्याला दहा दहा मिनिटं लागतात, घाम फुटतो, कधी चिडून शर्टच भिरकावतो. तिथे मात्र लागलं. डॉक्टर “शाब्बास” म्हणाले आणि पायाचे तेवढे लिहून मोकळे झाले. ३८ टक्के. बाळू जिना उतरेपर्यंत हसत होता. मीही हसले.

तहसीलच्या खिडकीवर कळलं की ४० च्या खाली संजय गांधी निराधार योजनेचा प्रस्तावच घेत नाहीत. उत्पन्नाचा दाखला ५०,००० च्या आतला होता, बाकी कागद पुरे होते, अडलं ते दोन टक्क्यांवर. दिव्यांगाचं कार्ड आलं तेही पांढऱ्या पट्टीचं; पिवळी पट्टी ४० पासून. योजनेचे महिन्याला १,५०० चे आता २,५०० झालेत, त्याच्या गोळ्या आणि मालिशवाल्या बाईंचे पैसे त्यातून सुटले असते. बाहेर चहाच्या टपरीवर एकजण म्हणाला, पाच हजार द्या, पन्नास टक्के करून आणतो. माझ्याकडे पाच हजार नव्हते. असते तर काय केलं असतं, ते तू विचारू नकोस.

मग गावातल्या आशाताईंनी कोर्टाच्या आवारातली तालुका विधी सेवा समितीची खोली दाखवली. वकील म्हटलं की मला आधी फी दिसते, म्हणून दारातच उभी राहिले. वकीलबाई म्हणाल्या, “आत या ताई. १९८७ च्या कायद्याने बाईला वकील मोफत आणि दिव्यांगालाही मोफत. तुमच्या घरात दोघंही आहेत. उत्पन्न विचारणार नाही.” त्यांनी कलम ५९ खाली अपील लिहिलं: पाय मोजला, हात मोजलाच नाही. एवढं साधं होतं ते, पण मला वर्षभर सुचलं नव्हतं. आणि एक वही दिली. रोजचं लिहायचं. खोटं एक अक्षर नको, लाजही नको. सोमवार, बटण, १२ मिनिटं. मंगळवार, आमटीचा चमचा तीनदा सांडला, चौथा मी भरवला. बुधवार, बटण लागलं नाही.

पांडुरंगा, ती वही लिहिताना माझा हात थरथरायचा. आईने पोराच्या उणिवांचा हिशेब ठेवायचा, हे कुठलं काम रे?

वकीलबाईंची आणखी एक ताकीद, प्रत्येक कागदाची पोच घ्यायची, शिक्का आणि तारखेसकट. आता माझ्या पिशवीत सात पोचा आहेत. तुझ्याकडे इतके अर्ज केले, त्यातल्या एकाचीही पोच नाही. पण तुझ्यावर रुसून कुठे जाऊ? हातपाय नसलेला कूर्मदास सरपटत तुझ्या वारीला निघाला आणि लऊळला थकला, तेव्हा तू स्वतः उठून त्याच्याकडे गेलास. त्याची टक्केवारी विचारली नाहीस. आमचं बोर्ड दुसऱ्या मजल्यावर बसतं. लिफ्ट चालू असू दे. डॉक्टर जेवायच्या घाईत नसू देत. वही त्यांनी दोन पानं तरी उलटू देत.

संध्याकाळी बाळूला सांगितलं, उद्या बटणाची घाई करू नकोस. तो म्हणाला, “म्हणजे येत नाही म्हणून सांगू?”

मी म्हटलं, रोज लावतोस तसं लाव. तो काही बोलला नाही.

आता दिवा मालवलाय. आतल्या खोलीत तो जागाच आहे. शर्टाशी चाललेली त्याची खुडबुड ऐकू येतेय. सराव करतोय. त्याला नको कसं म्हणू? उद्या लागलं तर लागू दे देवा. बोर्डाच्या खोलीत समोरच्या भिंतीवर घड्याळ असतं, ते तेवढं डॉक्टरांना दिसू दे.