अंदाज शिकता येतो

उकडणे, वाफवणे, भाजणे, परतणे, तळणे, आंबवणे आणि फोडणी देणे एवढ्या मोजक्या क्रियांवर मराठी घरातला रोजचा स्वयंपाक चालतो. त्या हाताला बसल्या की बहुतेक पदार्थ त्यांच्याच फेरजुळणीतून होतात. पाणी किती, आच किती, मीठ कधी, हा अंदाज मात्र लागतो. तो उपजत असतो किंवा वर्षानुवर्षांच्या सवयीनेच येतो, असे मानले जाते. प्रत्यक्षात बऱ्याचशा अंदाजांमागे सांगता आणि शिकवता येईल असे कारण असते.

साधे वरण घेतले तरी हे दिसते. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंश सेल्सिअसच्या आसपास उकळते. कुकरमधल्या दाबाखाली तापमान सुमारे १२० अंशांवर जाते आणि डाळ लवकर शिजते. चिंच किंवा आमसूल आधीच घातले, तर आंबटपणामुळे डाळीतले पेक्टिन सहजी विरघळत नाही व डाळ मऊ व्हायला वेळ लागतो. म्हणून डाळ शिजल्यावरच आंबट घालायचे.

भाकरीची कसोटी अधिक कठीण. गव्हाच्या कणकेला ताण देणारे ग्लुटेन ज्वारीत नसते. ज्वारीचे पीठ जुने झाले की त्याची विरी, म्हणजे बांधून येण्याची ताकद, जाते आणि भाकरी थापताना कडेने चिरते. अशा पिठात उकळते पाणी घालतात. त्याने पिठातले स्टार्च फुगून चिकट होते आणि गोळा बांधला जातो. तव्यावर टाकल्यावर भाकरीच्या वरच्या बाजूला पाणी फिरवतात आणि ते पुरते सुकण्याआधी भाकरी उलटतात. उशीर झाला की पृष्ठभागाला भेगा पडतात, वाफ निसटते आणि भाकरी फुगत नाही.

हे ज्ञान पूर्वी आजी, आई आणि सासूच्या हाताखाली मिळत असे. लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणी-मित्र’ १९१० साली छापले गेले, तर कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० साली आले. ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याचे प्रमाण दिले आणि घरापासून दूर संसार मांडणाऱ्यांना हाताच्या अंदाजाऐवजी माप मिळाले. जे मापात सांगता येते, ते कोणालाही शिकता येते.

तरीही शिकण्याचा भार बायकांवरच राहिला. मुंबईच्या गिरणगावात कोकण आणि घाटावरून एकटे आलेले हजारो कामगार महिन्याच्या हिशेबाने खानावळीत जेवत. या खानावळी चालवणाऱ्या बायकांच्या कष्टांतून आणि प्रेमा पुरव यांच्या पुढाकाराने १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे राहिले. स्वयंपाकाचे कौशल्य इथे बायकांच्या मिळकतीचे साधन झाले, पण घरात त्याच कामाला मोल नव्हते. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार सहा वर्षे व त्यावरील वयाच्या ८१.२ टक्के स्त्रिया घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करत होत्या, पुरुष २६.१ टक्के. हे काम करणाऱ्यांत स्त्रियांचा दिवसाचा सरासरी वेळ २९९ मिनिटे होता, पुरुषांचा ९७.

ही वाटणी बदलण्याचा एक मार्ग शाळेतून जातो. जपानमध्ये गृहशास्त्र हा विषय माध्यमिक शाळांत १९९३ पासून आणि उच्च माध्यमिक शाळांत १९९४ पासून मुलगे-मुली दोघांनाही सारखाच सक्तीचा आहे. आपल्याकडे वर्ध्याच्या १९३७ च्या शिक्षण परिषदेतून पुढे आलेल्या ‘नयी तालीम’ या शिक्षणपद्धतीनेही हाताच्या कामाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवले होते.

प्राथमिक पाठ फार मोठा नाही. कुकर लावणे, कणीक भिजवणे, मोहरी तडतडल्यावरच जिरे-हिंग घालणे, कडधान्य भिजवून मोड आणणे आणि निवडणे-चिरणे एवढे त्यात येते. उरलेल्या अन्नाची काळजीही त्यातच येते: काही जिवाणूंचे बीजाणू भात शिजवूनही टिकतात, आणि भात तासन्‌तास बाहेर राहिला तर त्यांनी तयार केलेले विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. म्हणून उरलेला भात लवकर निववून फ्रिजमध्ये ठेवायचा. एवढे येणारा माणूस शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी परगावी गेला, घरात कोणी आजारी पडले किंवा खिशात मोजकेच पैसे उरले, तरी वरण-भाताला मोताद होत नाही.