मागची बाजू

लंडनमधली माझी मैत्रीण व्हिक्टोरियन घराचा मागचा वाढीव भाग पाडून नवं स्वयंपाकघर बांधू पाहते आहे. घर संवर्धनक्षेत्रात येतं. १९६७च्या कायद्याने आलेल्या या व्यवस्थेत परिसराचं रूप राखावं किंवा खुलवावं, अशी अपेक्षा असते. तिचा आर्किटेक्ट म्हणतो, जुन्या विटा वापरू, सांधा कळणारच नाही.

मला हे खटकतं. विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये संस्था काढली, ती जुन्याचा आव आणणाऱ्या अशाच जीर्णोद्धाराविरुद्ध. (अनुवाद बेमालूम हवा म्हणणाऱ्यांशीही माझं जुनंच भांडण आहे.) पण नवं ते नवं दिसावं, हा प्रामाणिकपणाही अर्धाच. या घरांत पुढे बैठकीची खोली; मागे मोरी, कोळसा, कपडे उकळायचा हंडा आणि तिथे राबणारी घरची बाई किंवा मोलकरीण. रस्त्यावरून दिसतं ते जपायचं, राबण्याची जागा तेवढी बदलण्याजोगी, हा निवाडा कुणाचा?

“अगं, तिथे ओल आहे, मुलं खोकतात,” मैत्रीण म्हणाली.

ओल खरीच आहे. पाडावंच लागेल. आधी मोजमापं घे, फोटो काढ, एवढंच मी सांगितलं. मोरीची फरशी अंगणात बसवते, म्हणाली.